दसऱ्याला दारी विजेची मोटार : महाड-पोलादपूरच्या घरांतील काही प्रश्न

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी पंचांग उघडून निराळी वेळ शोधावी लागत नाही. म्हणूनच सोने, घर आणि वाहन यांची खरेदी कित्येक कुटुंबांत या दिवसासाठी राखून ठेवलेली असते. महाड-पोलादपूरकडे सकाळपासून गाड्या धुऊनपुसून अंगणात उभ्या राहतात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, नारळ वाढविला जातो. पांडवांनी शमीवरील शस्त्रे याच दिवशी उतरविली, अशी आपली श्रद्धा आहे. ज्याच्या आधारे घर चालते त्या साधनाची पूजा करावी, हा भाव त्यातूनच आला.

अलीकडे या गाड्यांच्या रांगेत हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असलेली एखादी मोटार दिसू लागली आहे. ती विजेची. टाटांची विजेवरील नेक्सॉन २०२० साली आली. पुढे महिंद्रांच्या चाकणच्या कारखान्यातून बीई ६ निघाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ह्युंदाईची विजेवरील क्रेटाही आली. अंगाने साध्या मोटारीहून उंच, पण जीपइतकी दांडगी नव्हे, अशा या घरगुती गाड्यांना क्रॉसओव्हर म्हणण्याचा प्रघात आहे. दसरा जवळ आला की घरोघर यांचीच चर्चा होते आणि प्रश्न बहुधा तेच ते असतात. विक्रेत्याच्या दालनात त्यांची जी उत्तरे मिळतात ती पुण्या-मुंबईच्या सपाट रस्त्यांना धरून दिलेली असतात. आमच्या मते सावित्रीच्या खोऱ्यात राहणाऱ्याने हेच प्रश्न निराळ्या क्रमाने विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांचा : "घाटात मध्येच थांबली तर रे?" प्रश्न रास्त आहे. नवरात्रात प्रतापगडच्या भवानीचे दर्शन आणि तेथून पुढे क्षेत्र महाबळेश्वर, ही आपल्याकडील कित्येक घरांची ठरलेली वारी. पोलादपूर सोडले की आंबेनळीचा घाट लागतो आणि महाबळेश्वरापर्यंत सुमारे तेराशे मीटरांची उंची चढावी लागते. आता हिशेब पाहा. माणसांसह दोन टन भरणारी गाडी तेवढ्या उंचीवर न्यावयास सुमारे सात युनिट वीज लागते; यंत्रातील तूट धरली तर आठ. महाडपासून वरपर्यंतचे साठेक किलोमीटर कापण्यास आणखी नऊ-दहा युनिट लागतील. म्हणजे ४५ युनिटांची बॅटरी पूर्ण भरून निघालेली गाडी वर पोहोचेल तेव्हा निम्म्याहून अधिक वीज तिच्यात शिल्लक असेल.

परतीचा प्रवास तर याहून सुखाचा. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री यांच्यासह सावित्रीचे उगमस्थान मानले जाते. त्या पाचांतील आपली सावित्री तेवढी पश्चिमेकडे कोसळून पोलादपूर-महाडच्या वाटेने समुद्राकडे जाते. कोसळत्या पाण्याने चक्र फिरवून वीज करावी हे आपल्या सह्याद्रीतले जुनेच काम. टाटांचे भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून तेच करीत आले आहे. घाट उतरताना विजेच्या मोटारीत असेच काहीसे घडते. पाय उचलला की चाके मोटारीला फिरवितात, मोटार जनित्र बनते आणि चढताना खर्ची पडलेल्या विजेतील निम्म्याच्या आसपास भाग बॅटरीत परत येतो. गाडी आपोआप रोखली जाते आणि ब्रेकही फारसे तापत नाहीत. यात एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. महाबळेश्वरी मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरून घेऊ नये. भरल्या घागरीत पाणी मावत नाही, तसे भरल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही. मग गाडीला रोखण्याचा सारा भार ब्रेकांवर पडतो. ऐंशी टक्क्यांवर थांबावे.

"एका भरण्यात किती जाते?" याचे छापील उत्तर नेहमीच घसघशीत असते. ४५ युनिटांच्या नेक्सॉनला ठरावीक चाचणीत ४८९ किलोमीटर मिळाले, ५१.४ युनिटांच्या क्रेटाला ४७३. हे आकडे खोटे नव्हेत, पण चाचणीत घाट नसतो, सासरमाहेरचे सामान नसते आणि वैशाखातले वातानुकूलन नसते. आम्ही तीनशेचा हिशेब धरावा असे म्हणू. महाडहून मुंबई त्यात आरामात येते. गोवा मात्र वाटेत एकदा बॅटरी भरल्याखेरीज येत नाही. महामार्गावरील जलद केंद्रात दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत भरण्यास पाऊण ते एक तास लागतो. गणपतीच्या गर्दीत रांग धरून तो किती वाढेल ते सांगता येत नाही, म्हणून एकाच केंद्राच्या भरवशावर निघू नये.

घाटाची चिंता अशी गणिताने मिटते. पाण्याची मिटत नाही, आणि महाडच्या घराने सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न तोच आहे. २२ जुलै २०२१ चा पूर कुणी विसरलेले नाही. सावित्री आणि गांधारी एकदम चढल्या, बाजारपेठेत आणि कित्येक घरांत पुरुषभराहून अधिक पाणी आले, दारातल्या गाड्या काड्यापेट्यांसारख्या तरंगल्या. खाडीला भरती असली की ते पाणी ओसरायलाही वेळ लागतो. अशा गावात "बॅटरीत पाणी जात नाही, आयपी ६७ आहे," एवढे सांगून विक्रेता मोकळा होतो. त्या अक्षरांचा अर्थ इतकाच, की एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले असता आत पाणी शिरत नाही. रस्त्यावरील डबक्यातून अथवा गुडघाभर ओढ्यातून गाडी निघून जाईल यासाठी ती ग्वाही पुरेशी आहे. रात्रभर बुडून राहिलेल्या गाडीसाठी ती दिलेलीच नाही.

म्हणून घरात चर्चा करावयाची ती ही : पुराचा इशारा आला की गाडी कोठे न्यावयाची? उंचवट्यावरच्या कुणा आप्तांचे आवार, एखाद्या देवळाचे पटांगण, महामार्गालगतची उंच जागा. पावसाळ्यापूर्वीच हे ठरवून विचारून ठेवावे. गाडी बुडालीच तर पाणी उतरल्यावर ती सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. चार्जर तर मुळीच लावू नये. आत राहिलेल्या पाण्याने, विशेषतः खाऱ्या पाण्याने, बॅटरीत कित्येक दिवसांनंतरही आग लागू शकते. अमेरिकेत फ्लोरिडात २०२२ च्या चक्रीवादळानंतर असे प्रकार घडले. बुडालेली गाडी घरापासून पन्नास फूट दूर उघड्यावर काढवून घ्यावी आणि कंपनीच्या माणसांना बोलवावे. विमा घेताना बॅटरीत पाणी शिरल्याचे नुकसान त्यात येते काय, हे कागदावर वाचून घ्यावे, तोंडी ऐकून नव्हे. त्यासाठीचे जादा संरक्षण निराळे विकत मिळते. महाडकराने त्याचे पैसे वाचवू नयेत.

याच पाण्याच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वादळवाऱ्यात दिवे गेले की आपल्याकडे अंधार किती लांबेल याचा नेम नसतो. नेक्सॉन, क्रेटा यांच्या काही प्रकारांत गाडीतून घराकडे वीज घेण्याची सोय आहे. चार दिवे, दोन पंखे आणि फोन चालविण्यास ताशी अर्धे युनिटही लागत नाही. निम्मी भरलेली बॅटरी दीड-दोन दिवस सहज काढील. उंचावर नेलेली गाडी अशा वेळी तिथल्या घराच्या कामी येईल. घेताना ही सोय आपण घेत असलेल्या प्रकारात आहे ना, एवढे विचारावे.

घरी बॅटरी कशी भरावयाची, हा गृहिणींचा प्रश्न. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर ताशी तीनेक युनिट जातात; रिकामी बॅटरी भरण्यास पंधरा तास लागतील, पण रोज रिकामी होते कुणाची? रोजच्या तीस-चाळीस किलोमीटरांना रात्रीचे दोन तास पुरतात. भिंतीवरचा मोठा चार्जर हवा असेल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. त्याहून महत्त्वाचे अर्थिंग. जुन्या कौलारू घरांत ते नावापुरतेच असते. वायरमन बोलावून आधी ते तपासावे. आणि प्लग जोत्यावर नको, पुराच्या खुणेच्या वर हवा.

बॅटरी किती वर्षे टिकणार? आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर ही हमी रूढ आहे. काही कंपन्या आता आजन्म हमी देतात, परंतु ती बहुधा पहिल्या मालकापुरती. पुढे विकावयाची असेल तर हे आजच ध्यानी घ्यावे. जुनी विजेची गाडी घेणाऱ्याने तर विशेषच.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. वस्तू व सेवा कर पाच टक्के. अटल सेतूवर विजेच्या मोटारींना २२ ऑगस्ट २०२५ पासून पथकर माफ आहे, त्यामुळे मुंबईची फेरी आणखी स्वस्त पडते. वीज कोळशाचीच ना, असे काही जण खोचकपणे विचारतात. राज्यातील बहुतेक वीज कोळशाची, हे खरेच आहे. तरी अंगणातला धूर आणि घरघर थांबते, याचे मोल दम्याच्या रुग्णाला विचारावे.

राहिली पूजा. इंजिन नाही तर पूजा कशाची, असा संभ्रम काही घरांत असतो. शमीच्या लाकडात अग्नी वसतो असे आपले पूर्वज मानीत. मग बॅटरीत वसलेल्या शक्तीला हळदकुंकू वाहण्यास अडचण ती काय? हळदकुंकू पुढील भागावर वाहावे, हार आरशाला घालावा. वीज भरण्याच्या झाकणावर पाणी, दूध शिंपडू नये आणि उदबत्ती-निरांजन गाडीच्या आत नेऊ नये. ही गाडी चालू असूनही आवाज करीत नाही. आतल्या मुलाचा पाय चुकून पडला तर ती तत्काळ पुढे जाते. म्हणून पूजेपूर्वी ती बंद केल्याची खात्री करून किल्ली घरातील वडील माणसाने आपल्याजवळ ठेवावी. लिंबांवरून गाडी नेताना समोर कुणी उभे नाही हे पाहावे, मग आपट्याचे सोने ठेवून वीरेश्वराच्या दर्शनास निघावे.