उडीआधी उतरणे शिका

मे महिन्यातली संध्याकाळ. अपघात विभागात दोन मुले आपल्या सोळा वर्षांच्या मित्राला खांद्याचा आधार देऊन चालवत घेऊन आली. मोबाइलवर पार्कोरचे व्हिडिओ पाहून त्याने गॅरेजच्या छपरावरून खाली सिमेंटवर उडी मारली होती. दोन्ही टाचा टम्म सुजलेल्या. मी कमरेचाही एक्स-रे सांगितला, तेव्हा वडील म्हणाले, ‘‘डॉक्टर, दुखतंय पायाला. कमरेचा फोटो कशाला?’’

उंचावरून टाचांवर पडलेल्याचा मणका आम्ही तपासतोच. पाय ताठ असतील तर टाचेला बसलेला दणका थेट कमरेपर्यंत पोहोचतो. या मुलाच्या टाचेचे हाड तर मोडले होतेच, शिवाय एक मणका चेपला होता. मज्जारज्जू वाचला, हे नशीब.

पार्कोर म्हणजे भिंती, कठडे, जिने असे अडथळे कोणत्याही साधनाशिवाय धावत, चढत, उड्या मारत पार करणे. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या लिस या गावात दाविद बेल आणि त्याच्या मित्रांनी हा प्रकार घडवला. बेलचे वडील पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. या व्यायामाचे मूळ त्याही आधीचे, जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या पद्धतीत आहे. शरीर कमवायचे ते संकटात उपयोगी पडावे म्हणून, ही त्यांची शिकवण. २००६च्या ‘कसिनो रोयाल’ या बाँडपटातल्या पाठलागाने पार्कोर जगभर पोहोचले.

व्यायाम म्हणून तो उत्तमच आहे. दमसास, पकड, तोल, चपळाई या सगळ्यांचा कस लागतो. वाढत्या वयात बेताच्या उड्यांनी हाडेही बळकट होतात. आमची पिढी सूरपारंब्या खेळताना हेच करत होती. फक्त झाडाखाली माती होती.

खरी विद्या आहे ती खाली उतरण्याची. चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, तसेच हे. चवड्यांवर उतरून गुडघे वाकवले, की दणका मांड्या आणि नितंबांच्या स्नायूंत जिरतो. उंची जास्त असेल तर जाणकार खांद्यावरून तिरकी कोलांटी घेतात. व्हिडिओत हे क्षणभर दिसते. त्यामागचा सराव दिसत नाही. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण कंडरा आणि हाडांना महिने लागतात.

म्हणून सुरुवात जाणत्या प्रशिक्षकाकडे, गुडघ्याहून कमी उंचीवरून करावी. उतरताना ‘धप्प’ आवाज आला, तर उंची वाढवू नये. गच्ची आणि पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या भिंती वर्ज्यच.

आणि कोणी पडलेच, तर त्याला उभे करू नका. पाठ-कंबर दुखत असेल, पाय बधिर वाटत असतील, तर आहे तिथेच स्थिर ठेवून १०८ला फोन करा. त्या दोन मित्रांनी प्रेमापोटी केले ते नेमके उलटे होते.

काही महिन्यांनी तो मुलगा तपासणीला आला. ‘‘आता उडी मारू का?’’ मी पलंगाजवळची लाकडी पायरी दाखवली. म्हटले, ‘‘आधी हिच्यावरून आवाज न करता उतरून दाखव.’’

तीन प्रयत्न लागले.