जुनी मारुती आणि रॅलीचं गणित

रॅली म्हणजे सुसाट गाड्या, असंच वाटतं ना? पण वेळ-वेग-अंतराच्या रॅलीत लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड! म्हणून तिथं जुनी, स्वस्तातली मारुती ८०० सुद्धा चालते. १९८३ ते २०१४ पर्यंत बनलेल्या या गाडीचं इंजीन अवघं ७९६ सीसीचं.

पैसे आधी ब्रेक, टायर, सीटबेल्टवर खर्चायचे. मग किलोमीटरच्या दगडांशी गाडीचा मीटर ताडून पाहायचा.

समजा, जऊळक्याहून १५ किलोमीटर जायचंय, सरासरी वेग ताशी ३०. किती वेळ? बरोब्बर अर्धा तास! शेजारी बसून हा हिशेब करतो तो नॅव्हिगेटर.

गाडी चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. गणित मात्र आजच सुरू करा!