दिओ आणि देव

इटालियनमध्ये देवाला ‘दिओ’ म्हणतात. कामठीच्या देवळातला ‘देव’ आणि रोमच्या चर्चमधला ‘दिओ’ एकाच कुळातले, आणि हे नातं फार पूर्वी आपल्याच किनाऱ्यावर एकाच्या लक्षात आलं होतं. फिलिप्पो सासेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1583 मध्ये कोचीनला उतरला, पुढे गोव्यात राहिला आणि 1588 मध्ये तिथेच वारला. मायदेशी धाडलेल्या पत्रात त्याने संस्कृतशी जुळणारे इटालियन शब्द नोंदवले: सप्त-सेत्ते, अष्ट-ओत्तो, नव-नोवे, सर्प-सेर्पे आणि देव-दिओ. हेच नातं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण 1786 चं, म्हणजे तब्बल दोनशे वर्षांनंतरचं. सासेत्तीचं नाव आपल्या शालेय पुस्तकांत यायलाच हवं.

‘दिओ’ आला लॅटिन ‘देउस’वरून. ‘देव’ आणि ‘दिओ’ या दोघांच्याही मुळाशी उजळत्या आकाशाची कल्पना आहे. आपले ‘दिव्य’ आणि ‘दिवस’ तिथलेच; ‘दिवा’ मात्र ‘दीप’वरून आला, त्याची वाट वेगळी. इटालियन सोमवार ‘लुनेदी’, त्यातला ‘दी’ म्हणजे दिवसच. ऋग्वेदातला द्यौष्पिता, ग्रीकांचा झेउस आणि रोमनांचा जुपिटर ही एकाच आकाशपित्याची नावं. इटालियन गुरुवार ‘जोवेदी’ याच जुपिटरचा. आपल्या गुरुवारातला ‘गुरू’ म्हणजेही जुपिटर हाच ग्रह.

लिथुआनियन ‘दिएवास’ही याच घराण्यातला. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात मात्र ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती. आणि ग्रीक ‘थेऑस’ कितीही सारखा वाटला, तरी त्याचं मूळ निराळं आहे.