रिकाम्या आकाशातली ड्रोन

युक्रेनच्या आघाडीवर एसयू-२५ विमाने पायदळाच्या मदतीला येतात तीही चोरट्यासारखी. झाडांच्या शेंड्यांलगत यायचे, नाक वर करून रॉकेट अंदाजाने भिरकावायची आणि तिथूनच माघारी वळायचे. दोन्ही बाजूंची तीच तऱ्हा. खरे तर हे विमान रणभूमीवर लक्ष्य डोळ्यांनी पाहून जवळून टिपण्यासाठी बनवलेले. पण खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांपुढे तसे करायची सोय राहिलेली नाही. ड्रोनने वैमानिकाला हटवले म्हणतात, ते अर्धेच खरे. क्षेपणास्त्रांनी आकाश आधीच रिकामे केले होते.

तिथे एफपीव्ही (फर्स्ट पर्सन व्ह्यू) ड्रोन शिरले. चार पंखे, कॅमेरा, खाली पट्ट्यांनी आवळून बांधलेला रणगाडाविरोधी गोळा आणि काही किलोमीटर मागे तळघरात डोळ्यांवर व्हिडिओ गॉगल चढवून बसलेला चालक. किंमत काहीशे डॉलर. एकट्यादुकट्या सैनिकाच्याही ते मागे लागते. मात्र स्फोटके जेमतेम किलो-दोन किलो. शत्रूने पक्क्या इमारतीत ठाण मांडले असेल, तर २५० किलोंच्या बॉम्बचे काम अशा ड्रोनच्या थव्यालाही जड जाते. अमेरिकेचे मोठे एमक्यू-९ रीपर तसे बॉम्ब नेते खरे; पण येमेनमध्ये हुथी बंडखोरांनी अशी अनेक रीपर पाडली आहेत.

त्याहून नाजूक गोष्ट संपर्काची. ७ एप्रिल २००३ रोजी बगदादवर अमेरिकी वैमानिक किम कॅम्पबेल यांच्या ए-१० विमानाला क्षेपणास्त्र लागले, हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. त्यांनी विमान हाताच्या जोरावर, निव्वळ यांत्रिक जोडणीने चालवत तळावर आणले. एफपीव्हीचा चालक मात्र दूर बसलेला; मधला रेडिओ जॅम झाला की खेळ खलास. म्हणून आता ड्रोनमागे केसाएवढ्या बारीक ऑप्टिकल फायबरचे रीळ उलगडत जाते. जॅमिंगची भीती संपते, पण रिळाचे वजन स्फोटकांच्या वाट्यातून वजा होते.

दुसरा उपाय, शेवटच्या टप्प्यात नेम यंत्रानेच धरायचा. रणगाड्यासाठी ठीक. आपले आणि परके सैनिक शंभर मीटरवर भिडलेले असतील तेव्हा? माणूसही चुकतोच: ९ जून २०१४ रोजी अफगाणिस्तानात अमेरिकेच्याच बी-१ बॉम्बफेकी विमानाने ५ अमेरिकी सैनिक मारले, कारण त्यांचे इन्फ्रारेड दिवे विमानाच्या कॅमेऱ्याला टिपताच येत नव्हते आणि हे कोणाच्या ध्यानात आले नाही. युक्रेनमध्ये दोन्हीकडचे सैनिक ओळखीसाठी दंडावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळतात. चिखलाने माखलेली ती पट्टी ओळखणारे यंत्र बनेपर्यंत, इतक्या जवळच्या माऱ्याचा निर्णय मी तरी त्याच्यावर सोपवणार नाही.