मोटारीच्या पत्र्यामागची चिंधी

जर्मनीचे वार्तापत्र : बोखोल्ट

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, हॉलंडची हद्द जिथून सायकलने गाठता येते, तिथे बोखोल्ट हे शहर आहे. आ नावाच्या लहानशा नदीच्या काठाने इथे कापडगिरण्या होत्या. २२ मार्च १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत शहराचा बराचसा भाग बेचिराख झाला. युद्धानंतर गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि पुढे बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडापुढे एकेक करून बंद पडल्या. आज तिथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे आणि माग चालवून दाखवतात. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला ही कहाणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इथली एक शाखा मात्र जगली, ती चिंध्यांची. बोर्गर्स ही बोखोल्टची १८६६ सालची कंपनी. जुने कपडे पिंजून त्यांच्या तंतूंपासून मोटारीच्या डिकीचे अस्तर, चाकांवरच्या कमानींची आवरणे आणि आवाज शोषणाऱ्या गाद्या बनवणे हे तिचे काम. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऊर्जा आणि कच्च्या मालाच्या भाववाढीने तिच्यावर दिवाळखोरीची पाळी आली. १ एप्रिल २०२३ रोजी तिचा मोटार विभाग ऑटोनियम या स्विस कंपनीने घेतला. ऑटोनियमचे मूळही कापडातच आहे. १७९५ सालची विंटरथूरची रीटर कंपनी कापडगिरण्यांसाठी यंत्रे बनवते. तिचा मोटार विभाग २०११ मध्ये वेगळा झाला, तीच ही ऑटोनियम.

हे पत्र मी विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या वाचकांसाठी लिहितो आहे, कारण या धंद्याचा कच्चा माल आपल्या दारात पडलेला आहे. आधी इथली रीत सांगतो.

मोटारीतला गोंगाट कमी करायचे तीन मार्ग आहेत. पत्रा थरथरतो, त्यावर जड थर बसवून थरथर मारायची. हा थर पूर्वी डांबरी शीटचा असे, आता बऱ्याच कारखान्यांत रोबोट पाण्यावर आधारलेला लेप फवारतात. दुसरा मार्ग म्हणजे इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये जड पडदा आणि त्याच्या मागे मऊ गादी बसवणे. तिसरा, आत आलेला आवाज सच्छिद्र गादीत जिरवणे. ध्वनीच्या लहरीने तंतूंमधली हवा हलते, तंतूंना घासते आणि आवाजाच्या शक्तीची किंचितशी उष्णता होते. तंतू जितके बारीक तितके हे काम चांगले, म्हणून कापूस इथे उपयोगी पडतो. खर्जातल्या आवाजासाठी गादी जाड लागते. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरचा आणि वाऱ्याचा आवाज उघडा पडतो, त्यामुळे अशा गाद्यांची गरज गेलेली नाही. गाडीबाहेरच्या आवाजावरही युरोपात कायदा आहे. साध्या मोटारीची मर्यादा २०१६ पासून टप्प्याटप्प्याने ७२ वरून ७० आणि नव्या मॉडेलांसाठी जुलै २०२४ पासून ६८ डेसिबलवर आली.

चिंध्या येतात कुठून? इथे रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी पेट्या असतात. रेड क्रॉससारख्या संस्था त्या ठेवतात आणि लोक धुतलेले जुने कपडे पिशवीत बांधून त्यांत टाकतात. देशभरात वर्षाला दहा लाख टनांहून अधिक कपडे असे जमा होतात. चांगले कपडे पुन्हा विकले जातात, उरलेल्यांची पुसायची फडकी होतात किंवा ते पिंजायला जातात. १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे संपूर्ण युरोपीय संघात बंधनकारक झाले आहे. मात्र घाईने शिवलेल्या, हलक्या मिश्र धाग्याच्या कपड्यांनी पेट्या भरू लागल्यापासून गोळा करणाऱ्यांचे गणित बिघडले आहे. श्रीमंत देशातही भंगाराचा धंदा केवळ सद्भावनेवर चालत नाही.

पिंजणीत कापडाचे आधी तुकडे करतात, बटणे आणि चेन काढतात. मग पोलादी दात्यांच्या फिरत्या पिंपांतून तुकडे फाडून तंतू मोकळे करतात. ते हवेच्या झोताने पसरून त्यांचा जाड थर करतात, तापवतात आणि साच्यात दाबतात. मोकळ्या तंतूंना मात्र काहीतरी धरून ठेवावे लागते. कुरमुऱ्याच्या लाडवाला गूळ लागतो, तसा इथे बाइंडर लागतो. माझ्या मते सगळा प्रश्न याच ठिकाणी आहे.

अनेक दशके हा बाइंडर म्हणजे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचे रेझिन होते, बेकेलाइटचे सख्खे भावंड. लिओ बेकलंड यांच्या शोधावर बर्लिनजवळच्या एर्कनर गावात १९१० मध्ये कारखाना सुरू झाला होता. रेझिनची पूड तंतूंत मिसळून तापवली की गादी घट्ट होते. ती स्वस्त पडते, इंजिनाजवळची उष्णता सोसते आणि आकार सोडत नाही. म्हणूनच जगभर, आपल्याकडेही, ती चालली.

तिचा दोष कळायला पूर्व जर्मनीची ट्राबांट मोटार पाहावी. पोलादी पत्र्याची टंचाई असल्यामुळे त्स्विकाउच्या कारखान्यात तिचे बाहेरचे भाग सोव्हिएत संघातून आलेल्या टाकाऊ कापसाच्या आणि फिनॉलच्या रेझिनच्या मिश्रणाने बनत. १९५७ ते १९९१ या काळात अशा तीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. कल्पना काटकसरीची होती. बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी या गाड्या टाकून दिल्या, तेव्हा अडचण उभी राहिली. ते मिश्रण वितळत नाही, गंजत नाही आणि जाळले तर घातक धूर होतो. टाकाऊ कापूस एकदा वाचला, पण चुकीच्या बाइंडरमुळे त्याचा कायमचा कचरा झाला.

दुसरा दोष श्वासाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करणारे ठरवले. कामाच्या जागी आठ तासांच्या पाळीत ०.३७ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही युरोपीय मर्यादा आहे. मोटारीच्या आतल्या हवेसाठी २०२३ च्या नियमाने ०.०६२ मिलिग्रॅमची मर्यादा ठरली, ती ६ ऑगस्ट २०२७ पासून लागू होणार आहे. अशाच गाद्यांसाठी टाकाऊ फोमचा चुरा चिकटवायला आयसोसायनेट वापरतात. त्याने दमा जडू शकतो, म्हणून ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून अधिक आयसोसायनेट असलेला माल हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण दिलेच पाहिजे.

कायदे आपल्याकडेही आहेत. जर्मनीत ते पाळले जाण्यामागची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. बिस्मार्कच्या काळात, १८८४ मध्ये, कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा झाला. तेव्हापासून प्रत्येक उद्योगाच्या सामाईक विमासंस्था आहेत. त्यांचा हप्ता फक्त मालक भरतो. कामातून जडलेल्या आजाराचा खर्च, भरपाई आणि निवृत्तिवेतन याच संस्था देतात. कामगार आजारी पडला तर खर्च त्यांच्याच तिजोरीतून जातो, म्हणून त्यांचे निरीक्षक आजार होण्याआधीच कारखान्यात पोचतात. शिवाय घातक पदार्थ वापरणाऱ्या मालकाने त्याला सुरक्षित पर्याय आहे का हे तपासायचे आणि पर्याय असूनही वापरला नाही तर कारण लेखी नोंदवायचे, असा नियम आहे. सुरक्षितता इथे मालकाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही, तिचा खर्च हिशेबात बसवलेला आहे. जर्मनीकडून घ्यायची पहिली गोष्ट मला हीच वाटते.

मग सुरक्षित बाइंडर कोणता? सर्वांत रुळलेला पर्याय म्हणजे दोन थरांचा पॉलिस्टर तंतू. त्याचा गाभा साधारण २५० अंशांपर्यंत टिकतो आणि वरचे आवरण ११० अंशांच्या आसपास मऊ होते. चिंध्यांत हे तंतू मिसळून गरम हवा सोडली की आवरण वितळून शेजारच्या तंतूंना धरते आणि थंड झाल्यावर गादी तयार होते. वेगळे रसायन नको, पाणी नको, फॉर्माल्डिहाइड नको. कापून उरलेल्या कडा पुन्हा पिंजून त्याच मालात घालता येतात.

याच्याही मर्यादा आहेत. इंजिनाच्या अगदी जवळच्या तापमानाला हा तंतू नरम पडतो, तिथे वेगळा माल लागतो. सुटा कापूस पेट घेतो, म्हणून ज्वालारोधक घालावा लागतो आणि तोही हॅलोजनचा नसावा. पिंजणीत धूळ उडते. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना जडणारा बिसिनोसिस मुंबईला परका नाही, म्हणून यंत्रावर धूळ ओढणारी बंदिस्त व्यवस्था हवीच. बाइंडर बदलला म्हणून काम आपोआप निर्धोक होत नाही.

मालाची परीक्षा कशी होते तेही सांगतो. जर्मन मोटार उद्योगाच्या एका ठरलेल्या चाचणीत गादीचा तुकडा बरणीत बंद करून ८० अंशांपर्यंत तापवतात. मग परीक्षक झाकण उघडून वास घेतात आणि १ ते ६ गुण देतात. १ म्हणजे वासच नाही, ६ म्हणजे असह्य. दुसऱ्या चाचणीत त्यातून निघणारे फॉर्माल्डिहाइड मोजतात. मे महिन्यात कल्याणला उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर सहज जातो. ताप वाढला की गादीतून निघणारी वाफही वाढते. थंड देशाने स्वतःसाठी आखलेली ही परीक्षा आपल्याला जास्त लागू पडते.

आता घराकडे येतो. विठ्ठलवाडी स्टेशनाच्या पलीकडे उल्हासनगरचे कॅम्प सुरू होतात आणि तिथे जीन्सचा मोठा बाजार आहे. शिलाईच्या खोल्यांतून रोज डेनिमची कात्रणे निघतात. ही कात्रणे कोरी असतात, त्यांत बटण नाही, चेन नाही, घाम नाही. जर्मनीतल्या पेट्यांतल्या जुन्या कपड्यांपेक्षा तो सरस कच्चा माल आहे. ताणणाऱ्या जीन्समधला लायक्रा पिंजताना त्रास देतो, म्हणून तो माल वेगळा काढावा लागेल. ही निवड आपल्याकडच्या बाया हाताच्या स्पर्शाने करू शकतात, त्या कामाला यंत्र लागत नाही.

शेजारून वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावून, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून ती आपल्या वस्त्यांत शिरते. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी तिने वर्षानुवर्षे सोसले. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वाफेने शेकडो लोक रुग्णालयात गेले. डोंबिवली एमआयडीसीतले २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट कोणी विसरलेले नाही. अशा परिसरात नवा धंदा सुचवताना तो आधी नदीच्या आणि शेजाऱ्याच्या बाजूने तपासला पाहिजे. कात्रण पिंजून गरम हवेने गादी करण्याच्या कामात सांडपाणी निघत नाही, कारण कात्रण धुण्याच्या आधीचे असते आणि बाइंडरही कोरडा असतो. तेच काम फिनॉलच्या रेझिनने, पत्र्याच्या शेडमध्ये, बिनपंख्याने सुरू झाले तर आपण नदी वाचवून फुप्फुसे गमावू.

गिऱ्हाईक लांब नाही. चाकणला आणि नाशिकला मोटारींचे कारखाने आहेत. विठ्ठलवाडीत एसटीचे आगार आहे. इंजिनाशेजारी बसून दिवसभर गाडी हाकणाऱ्या चालकाच्या कानांना या गादीची गरज मोटारमालकापेक्षा जास्त आहे. न विणलेल्या कापडाचे राष्ट्रीय पातळीवरचे केंद्र इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत आहे, घाटकोपरला बीटीआरए ही १९५४ सालची वस्त्रसंशोधन संस्था आहे आणि आवाज मोजायला पुण्याची एआरएआय आहे. आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानकही आहे. ज्ञान आणि तपासणी, दोन्ही आपल्याच राज्यात आहेत.

उणीव धोरणात आहे. १ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे लागू झालेल्या जुन्या वाहनांच्या नियमांत उत्पादकांना दिलेली उद्दिष्टे पोलादापुरती आहेत. युरोपीय आयोगाने जुलै २०२३ च्या प्रस्तावात नव्या गाडीतल्या प्लास्टिकचा चौथा हिस्सा पुनर्वापराचा असावा असे म्हटले. आपल्या नियमांतही तंतू, फोम आणि गाद्या यांचा हिशेब यायला हवा आणि त्याच वाक्यात बाइंडरची अट यायला हवी. नुसती 'पुनर्वापर करा' ही अट ट्राबांटनेही पाळली होती.

म्हणून कात्रणांचे व्यापारी, लहान कारखानदार, गॅरेजवाले आणि आगाराचे खरेदी अधिकारी यांना माझी विनंती आहे. गादी घेताना तीन गोष्टी लेखी मागा : बाइंडर कोणता आहे, फॉर्माल्डिहाइडची चाचणी झाली आहे का आणि आगीची चाचणी झाली आहे का. ज्याच्याकडे ही तीन उत्तरे नाहीत त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.