हेराल्डचा आडवा पाटा

गाडी मागून बसली की एक पाटा वाढवायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. ट्रकला तो चालतो, जीपला चालतो, ॲम्बॅसॅडरलाही चालला. कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या गॅरेजात गाडी नेली तर मिस्त्री मागे वाकून बघणार आणि म्हणणार, "मालक, पाटं बसल्यात. एक पाटा घालूया, टाकटकीत हुईल." स्टँडर्ड हेराल्डला हाच उपाय केला की गाडी उभी असताना झकास दिसते. पण गगनबावड्याच्या पुढे घाट उतरताना तीच गाडी मागून सुटायला बघते. पाटा वाढवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. या गाडीची मागची रचना इतर गाड्यांसारखी नाही, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

हेराल्ड ही तशी घरगुती गाडी. पण ट्रायम्फ स्पिटफायर ही उघड्या टपाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार तिच्यावरूनच तयार झाली. १९६२ ते १९८० या काळात तीन लाखांहून अधिक स्पिटफायर बनल्या, आणि सुरुवातीच्या स्पिटफायरची मागची रचना ही थेट हेराल्डची. त्यामुळे इंग्लंडातल्या शौकिनांनी स्पिटफायरची मागची बाजू सुधारण्यासाठी साठ वर्षांत जे काही केले, ते आपल्याकडच्या हेराल्डला जसेच्या तसे लागू पडते. फरक रस्त्यांचा आहे. तिकडे गाडी खाली घ्यायची हौस, इकडे वर उचलायची.

मूळ हेराल्ड ही ट्रायम्फचीच, १९५९ साली इंग्लंडात आली. तिचे रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचे आणि यंत्ररचना हॅरी वेबस्टर यांच्या हाताखालची. त्या काळात बहुतेक कंपन्या चासी आणि बॉडी एकसंध करू लागल्या होत्या. पण बॉडी बनवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीने घेतला आणि ट्रायम्फची अडचण झाली. मग वेगळी चासी करून तिच्यावर बॉडीचे तुकडे बोल्टने जोडायचे ठरले. म्हणून हेराल्डचे अख्खे बॉनेट पुढच्या चाकांच्या मडगार्डांसकट पुढे उलटते आणि मिस्त्रीला चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. पुढची चाके इतकी वळतात की अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या आसपासच्या गल्लीत गाडी वळवून बघणाऱ्याला या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

१९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ही गाडी ९४८ सीसीच्या इंजिनासह इथे बनवायला घेतली. हळूहळू तिचे सुटे भाग देशी होत गेले. आज एखाद्या वाड्याच्या सोप्यात ताडपत्रीखाली झाकलेली हेराल्ड मिळाली तर ती बहुधा साठच्या दशकातली असते.

आता मागची बाजू. डिफरन्शियल चासीला घट्ट बसवलेले असते. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक यूजे क्रॉस आणि तिथून चाकापर्यंत एकेक ॲक्सल. चाकाजवळ दुसरा क्रॉस नाही. त्यामुळे चाक खड्ड्यात उतरले किंवा उंचवट्यावर चढले की ते ॲक्सलसकट क्रॉसभोवती कमानीत झुलते, आणि झुलताना तिरके होते. यालाच स्विंग ॲक्सल म्हणतात. डिफरन्शियलच्या डोक्यावर एकच आडवा पाट्यांचा जुडगा आहे आणि त्याची दोन टोके दोन चाकांना धरून आहेत. चाक मागेपुढे जाऊ नये म्हणून चासीपासून एकेक रॉड आहे. शिवाय दोन शॉकअब. एवढ्यावर सगळा कारभार चालतो. स्वस्त आणि हलकी रचना, आणि सरळ रस्त्यावर खरोखर आरामशीर.

गोम उंचीत आहे. गाडीची मागची बाजू उचलली की दोन्ही ॲक्सल डिफरन्शियलपासून चाकांकडे उतरते होतात. चाकांचे वरचे काठ बाहेर झुकतात, खालचे आत येतात. ॲक्सलची लांबी अर्धा मीटर धरली, तर उंचीत अडीच सेंटिमीटरचा फरक पडला की चाक जवळजवळ तीन अंशांनी कलते. एका जादा पाट्याने आणि नव्या कमानीने गाडी पाच सेंटिमीटर उचलली, तर जवळजवळ सहा अंश. हे डोळ्यांना लांबूनही दिसते. अशा गाडीचे टायर बाहेरच्या काठावर खातात. मालक अलाइनमेंट करून आणतो, पुन्हा खातात, आणि मग दोष टायरच्या कंपनीला लागतो.

टायर गेला तर नवा घेता येतो. वळणावर जे होते ते गंभीर आहे. गाडी वेगात वळते तेव्हा सगळे वजन बाहेरच्या चाकावर येते आणि रस्ता त्या टायरला खालच्या बाजूने आत ढकलतो. सांधा मात्र त्याच्यापेक्षा वर, डिफरन्शियलजवळ. त्यामुळे चाक गाडीच्या पोटाखाली दुमडू पाहते आणि दुमडताना गाडीची मागची बाजू आणखी उचलते. उचलली की चाक अजून कलते, टायरची पकड एका काठापुरती उरते. खासबागच्या मैदानात पट काढल्यावर मल्लाचा तोल जातो, तसा गाडीचा पाय तिच्याच खालून निघतो. याच क्षणी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, तर वजन पुढे जाते, मागची बाजू हलकी होऊन अजून वर येते आणि जे थोडक्यात निभावले असते तेही निभावत नाही. म्हणून मागून उचललेल्या हेराल्डने करूळ किंवा आंबा घाट उतरणे मला धोक्याचे वाटते, आणि हे मी स्पष्टच लिहितो.

ही खोड एकट्या हेराल्डची नव्हती. जुन्या फोक्सवॅगन बीटललाही स्विंग ॲक्सल होता. अमेरिकेत शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरवर याच कारणाने गहजब झाला. राल्फ नेडर यांच्या १९६५ सालच्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण तिच्यावर आहे, आणि मोटारींच्या सुरक्षिततेची लोकचर्चा तिथून खऱ्या अर्थाने पेटली.

ट्रायम्फने आपले उत्तर शोधायला वेळ घेतला. १९७० च्या अखेरीस आलेल्या चौथ्या स्पिटफायरला त्यांनी नवा पाटा दिला. जुन्या रचनेत सगळे पाटे एकत्र आवळून डिफरन्शियलवर बसवलेले. नव्यात एकच पाटा पक्का आणि बाकीचे मधल्या पेटीत झुलायला मोकळे. दोन्ही चाके एकदम खड्ड्यात गेली तर सगळे पाटे मिळून काम करतात. वळणावर गाडी एका अंगाला कलली तर बहुतेक पाटे नुसते झुलतात, विरोध करत नाहीत. त्यामुळे बाहेरच्या चाकावरचा ताण कमी होतो आणि ते दुमडायचे टळते. कललेली गाडी सावरायचे काम मग पुढच्या अँटी-रोल बारवर येते, म्हणून तो जाड केला. पुढे ॲक्सल लांब करून मागची चाके थोडी रुंदावली. मोठ्या इंजिनाच्या जीटी-६ ला त्याआधीच, १९६८ साली, रबरी सांध्यांची वेगळी मागची रचना मिळाली होती.

भारतातले उत्तर याहून वेगळे होते आणि मला ते फार मोलाचे वाटते. इथल्या मालकांना आणि मिस्त्रींना स्विंग ॲक्सल कधीच रुचला नाही. १९७२ साली मद्रासच्या कंपनीने हेराल्डवरूनच चार दारांची स्टँडर्ड गॅझेल काढली. इंजिन तेच ९४८ सीसीचे, पण मागे अखंड ॲक्सल. दोन्ही चाके एका हौसिंगवर आली आणि कलायचा प्रश्नच संपला. खड्ड्यात गाडी जरा जास्त आदळते, पण एक पाटा वाढवला तर चाक तिरके होत नाही. आपल्या गॅरेजांतली तक्रार कारखान्याच्या आराखड्यापर्यंत पोहोचली, असे हे विरळे उदाहरण आहे.

आपल्या जिल्ह्याचीही या विषयातली एक ओळख आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः घडवली. पहिली गाडी १९४९ सालची. तिच्यात पाटे नव्हते, झटके झेलायला रबर वापरले होते. मीरा बाजारात येऊ शकली नाही, पण खराब रस्त्यासाठी चाकाखाली काय असावे याचा विचार इथे किती आधी सुरू होता हे तिच्यावरून कळते.

मग आज हेराल्ड बाहेर काढायची असेल तर मागच्या बाजूचे काय करावे? माझे मत असे की पहिला खर्च सामानावर करू नये. आधी मोजमाप करावे. सपाट फरशी बघावी. टायरमध्ये हवा बरोबर भरावी, टाकी अर्धी असावी, पुढच्या दोन सीटवर दोन माणसे बसवावीत. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजली तर हमखास चुकते, कारण चाके लोंबून आत वळलेली असतात आणि टायर फरशीला धरून राहतात. गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकलली की मागची बाजू हळूहळू खाली बसताना दिसते. मग हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी घ्यावी आणि चाकाला गुण्या लावून कल बघावा. माणसे बसलेली असताना मागची चाके सरळ उभी असावीत किंवा वरून अंशभर आत कललेली. वरून बाहेर कललेली असतील तर गाडी उंच आहे, मग ती कितीही देखणी दिसो.

गाडी उंच निघाली तर जादा घातलेला पाटा आधी काढावा. पाट्यांचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणून दुसऱ्या गाडीचा जाड पाटा मध्ये सरकवला तर हिशेब पार बिघडतो. पाटे मूळचेच असतील आणि तरी थोडे खाली यायचे असेल, तर डिफरन्शियल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालून लांब स्टड लावतात. पाट्याचे मधले अंग वर गेले की टोकेही वर जातात आणि गाडी तेवढी खाली येते. शिवाजी उद्यमनगर मंगळवार पेठेला लागूनच आहे, असा ठोकळा काढून देणारे मिलिंग मशीन शोधायला लांब जावे लागत नाही. मात्र स्टड चांगल्या पोलादाचेच हवेत, आणि सायलेन्सरचा पाइप स्पीडब्रेकरला लागणार नाही एवढीच गाडी खाली घ्यावी.

गाडी बसलेली असेल, म्हणजे ॲक्सल उलटे वर चढलेले असतील, तर पाट्यांना पुन्हा कमान द्यावी लागते. थंड पाट्यावर घण मारून दिलेली कमान फार टिकत नाही. पाटा अख्खा भट्टीत तापवून, कमानीला बसवून, तेलात विझवून पुन्हा बेताने तापवावा लागतो. विझवल्यावर पुन्हा तापवणे वगळले तर पाटा ठिसूळ राहतो आणि एक दिवस मध्येच मोडतो. गॅस कटरने जागोजाग तापवून वाकवणारा कारागीर कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडे हे काम देऊ नये. पाट्यांच्या मधला गंज घासून, टोकांची रबरी किंवा नायलॉनची बटणे नवी घालून जुडगा बांधला तर निम्मी करकर तिथेच थांबते.

शॉकअब घेताना लांबी बघावी. या गाडीत चाक किती खाली लोंबेल हे शॉकअबच्या पूर्ण उघडलेल्या लांबीवर ठरते. दुसऱ्या गाडीचा लांब शॉकअब बसवला की चाकाला दुमडायला जास्त जागा मिळते. आणि बुश? रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. चाके लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते, थोड्याच दिवसांत फाटते, आणि गाडी उगीच उंच दिसते ते वेगळेच. काम करताना गाडीखाली घोडी लावल्याशिवाय पाट्याच्या टोकांचे बोल्ट सोडू नयेत, त्या पाट्यात ताण भरलेला असतो.

एवढे करून घाटात निर्धास्त फिरायचे असेल तर स्पिटफायरचा झुलता पाटा आणि जाड अँटी-रोल बार ही जोडी माझ्या मते सर्वांत शहाणपणाची. ती बोल्टने बसते आणि बोल्टने निघते. गॅझेलचे अख्खे हौसिंग हेराल्डखाली वेल्डिंग करून घालण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. याला एक कायद्याचे कारणही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीसारख्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. भारतात बनलेल्या बहुतेक सगळ्या हेराल्ड आता या वयात आल्या आहेत. चासी कापून वेल्डिंग केले तर मूळ रूपाचा दावा कशाच्या जोरावर करणार?

ज्या शहरात छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याला शाही थाटात बाहेर निघते, त्या शहराला जुनी गाडी सांभाळण्याचे महत्त्व पटवावे लागत नाही. ज्यांच्या घरी हेराल्ड आहे त्यांना एवढीच विनंती: नवे काहीही बसवा, पण काढलेला मूळ पाटा, जुने शॉकअब आणि बोल्टसुद्धा भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून, माळ्यावर ठेवा. आणि दोन्ही बाजूंची उंची गाडीच्या कागदपत्रांत तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला पाटा घालायचा की काढायचा हे विचारावे लागणार नाही.