शेजार बदलला की पेशीही बदलते : रक्ताचा कर्करोग आणि अस्थिमज्जा

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तुम्ही खाल्ली असेलच. तेच बी काळ्या भारी रानात पेरा आणि तेच मुरमाड माळावर पेरा. बी एकच, पण ताट, कणीस, दाणा सगळंच वेगळं येतं. पेशींचंही काहीसं असंच आहे.

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. तो सुरू होतो अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या मऊ भागात. रक्तपेशी तिथेच तयार होतात. कर्करोगाची पेशी तिथे एकटी नसते. आजूबाजूला आधारपेशी, चरबीच्या पेशी, रक्तवाहिन्या असतात. आता बघा, पेशीत जनुकं हजारो असली तरी सगळी एकदम चालू नसतात. कोणतं चालू, कोणतं बंद, कोणतं किती जोरात, याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. ती ठरवण्यात शेजाऱ्यांचाही हात असतो.

मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं प्रथिन सोडतात. ल्युकेमियाच्या पेशीवर ते पकडणारा सीएक्ससीआर-४ हा ग्राहक असतो. दोघांची गाठ पडली की निरोप आत केंद्रकापर्यंत जातो. तगून राहायला मदत करणारी जनुकं जोर धरतात आणि पेशी तिथंच चिकटून बसते. काही पेशी तर विभाजनच थांबवून गप्प राहतात. किमोची बरीच औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर चालतात, त्यामुळे या गप्प बसलेल्या वाचतात.

हे कळलं कसं? पेशी शरीराबाहेर काचेच्या बशीत वाढवून. रुग्णाच्या पेशी नुसत्या पोषक द्रवात ठेवल्या तर बऱ्याचदा लवकर मरतात. खाली आधारपेशींचा थर दिला की जास्त टिकतात. पेशी अशा वाढवण्याची भारतातली पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात उभी केली. (आपल्या पुस्तकात हे नाव का नाही, हा माझा जुनाच प्रश्न!)

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग ल्युकेमियाच. उपचार सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात रक्ताचा रिपोर्ट बऱ्याचदा सुधारतो, पोरगं खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं, झालं बरं, आता कशाला मुंबईच्या चकरा? पण हाताच्या शिरेतल्या रक्तात न दिसणाऱ्या पेशी मज्जेत दडलेल्या असू शकतात. म्हणून डॉक्टर कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतात, आणि मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालवतात. त्यातल्या शेवटच्या लांब टप्प्यात बरीचशी औषधं गोळ्यांचीच असतात, ती घरी देता येतात.